वरचा बाण

चाळिशीनंतर पुन्हा नोकरी धरायची म्हणून तिने संगणकाचा क्लास लावला. माउसला हात न लावता, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून काम करायचं होतं. सरावासाठी आज तिने कपाटातला जुना लॅपटॉप काढला.

सात वर्षांपूर्वी याच लॅपटॉपमधून तिचा पीएचडीचा प्रबंध गेला होता, सादर करायला आठवडा उरलेला असताना. "व्हायरसने खाल्लं गं सगळं," म्हणत नवऱ्याने तिला जवळ घेतलं होतं. तो संगणकातलाच माणूस, त्यामुळे तिने पुढे काही विचारलं नाही. प्रबंधाचा नाद सोडला. लॅपटॉप त्यानंतर कोणी उघडलाच नाही.

चहाचा कप घेऊन नवरा तिच्या मागे येऊन उभा राहिला. "काय शिकवलं आज?"

"फोल्डर पुसायची कमांड काल झाली. आज वरचा बाण. तो दाबला की आधी दिलेली कमांड परत दिसते, कितीही जुनी असली तरी."

तिने बाण दाबला. पडद्यावर पुसायची कमांड आली आणि त्या कमांडपुढे प्रबंधाच्या फोल्डरचं नाव. तिने ती ओळ दोनदा वाचली.

 

"हे पुसायचं राहूनच गेलं," चहाचा घोट घेत तो म्हणाला.