यल्लव्वाची उतरंड

खाणीचा भोंगा वाजला, तशी यल्लव्वानं सवयीनं उतरंडीतली मडकी एकेक करून जमिनीवर मांडली. आज सुरुंगानं घरं हादरली तर वस्तीच उठवायची, असं खाणवाल्यांनी ठरवलं होतं.

वाट बघून कंटाळली, तशी ती दारातून ओरडली, "रेणुका, उडव की गं सुरुंग एकदाचा!"

सुरुंग लावणारी तिची भाची खाणीतून हसत वर आली. "कवाच उडाला, आत्या! नवी दारू आधी खडकातल्या भेगा ओळखते, मग प्रत्येक भोकात आपापला क्षण निवडून फुटते."

यल्लव्वानं खाली वाकून पाहिलं. अख्खा कडा नारळाएवढ्या दगडांचा ढीग होऊन पडला होता. घण घालावा असा एकही धोंडा नव्हता.

ती घरात गेली. सगळी मडकी पुन्हा एकावर एक रचून ती गरजली, "आता वाजव भोंगा!"