गुरुवारची सुट्टी
सुमनताईंची नजर नवऱ्याच्या, अण्णांच्या, ऑक्सिजनच्या मशिनवरल्या हिरव्या दिव्यावरून हटत नव्हती. तळवड्यात सून म्हणून आल्यापासून त्यांचा लाडका वार गुरुवार. वीज पुरावी म्हणून त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी, फाउंड्रीतले अण्णा घरी, आणि दिवे कसे लख्ख जळायचे. आता शेजारी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषणारा प्रकल्प आला होता. त्याचे पंखे गावाएवढी वीज खायचे, गुरुवारीही थांबत नसत. नात दीपमाला तिथंच ऑपरेटर होती. एकाएकी बल्ब मंदावला, मशिन केकाटलं, हिरवा दिवा लाल झाला. "जगाची हवा धुताना माझी पळवली की गं," अण्णा धापा टाकत हसले. ताईंनी नातीला फोन लावला. "दीपा, पंखे थांबव. आजोबांचं मशिन बंद पडतंय." "आजी, साहेबांना काय सांगू गं?" अण्णांचे ओठ निळे पडताना ताईंनी पाहिलं. "सांग त्यांना, आज गुरुवार आहे."