शलाकेच्या गोष्टीतली सासू

शलाका आमची सून. तिची विज्ञानकथा दिवाळी अंकाकडे जाण्याआधी मला वाचून दाखवायची, हा घरचा नियम. मला अक्षरं जड जातात, पण कान तिखट आहेत.

आज पाठवायची शेवटची तारीख, आणि बाई वाचता वाचता मध्येच अडली. यानात हवा पुरत नाही, म्हणून सगळे सासूला मंगळावर सोडून निघतात. त्या सासूच्या तोंडी माझ्याच शिव्या! माझा मुलगा हळूच चपला शोधू लागला.

"आई, नाही पाठवत," शलाका पुटपुटली.

"पुढे काय होतं?"

"ती रडते."

"रडते? एवढंच ओळखलंस मला? अगं, 'निघा मेल्यांनो, हवा वाया जातेय' म्हणेल, आणि यानाचं दार बाहेरून स्वतः लावेल. तसं लिही, मग पाठव."