पिवळी अक्षरे

न्यायालयाचा टंकलेखक भर दुपारी पडदे ओढून कळफलकावर ठळक पिवळी अक्षरे चिकटवत बसला होता. बायको दारातून ते पाहत होती.

“हा उद्योग कोणासाठी?”

“माझ्यासाठी. संध्याकाळचं या खोलीत एक बटण धड दिसत नाही. म्हणून आत्ताच अंधार करून पाहतोय.”

“आणि तुम्हाला ती दिसायला हवीत, हे कधीपासून?”

प्रश्न रास्त होता. ज्या वर्गात दोघांची ओळख झाली, तेथे बोटांवर कापड टाकून टंकलेखन शिकवीत. खाली पाहून टाइप करणाऱ्याची तो आजही यथेच्छ टिंगल करी. शिवाय साक्षीदारांच्या जबान्या घरी आणण्याची मुभा केवळ त्याला होती. त्यांना दुसऱ्याचा हात लागल्याचे उघड झाले, तर नोकरी जाणार हे निश्चित. आणि त्याचा बेकार धाकटा भाऊ हल्ली रोज येऊन याच खोलीत बसत असे.

“भाऊजींना बसवता ना कामाला?”

“त्याला? स्वतःचं नाव टाइप करताना घाम फुटतो त्याला.”

“म्हणूनच एवढी ठसठशीत अक्षरं.”

तो हसला. ती हसली नाही. खुर्चीवरचा टॉवेल उचलून तिने त्याच्या हातांसकट कळफलक झाकला.

“सांगते ते लिहा. ‘साक्षीदाराने आरोपीस ओळखले.’”

टॉवेलखाली बोटे धावली. तीच जुनी, एकसारखी लय; कोठे अडखळणे नाही. तिचा संशय क्षणभर ओशाळला. मग तिने संगणकाच्या पडद्यावर पाहिले. ओळ उमटली होती, पण तिच्यात एकही शब्द नव्हता. दोन्ही हात मूळ जागेपासून एकेक बटण सरकून बसले होते.

“बोटं ठेवायच्या जागी दोन उंचवटे असतात ना,” पडद्याकडे न पाहताच तो म्हणाला, “ते हल्ली कळत नाहीत. साहेबांना सांगू नकोस.”

तिने टॉवेल काढला आणि त्याचा उजवा हात ओढून घेतला.

“लागलं की सांगा.”

तर्जनीच्या टोकावर तिने नख रोवले. कातडी पांढरी पडली. नखाची खूण खोल उमटली. तो मान वळवून, शहाण्या रोग्यासारखा वाट पाहत राहिला.

“अगं,” अखेर तो म्हणाला, “दाब तर आधी.”