श्रेयनामावली

ढापण्या म्हणजे विद्यापीठात तिच्यासोबत गेम बनवायला शिकणारा तिचा जोडीदार. जाड चष्म्यामुळे पडलेलं नाव. शेवटच्या वर्षाचा गेम दोघांनी मिळून केला होता. कोड त्याचा, चित्रं तिची. एका स्टुडिओनं त्याला एकट्यालाच मुलाखतीला बोलावलं आणि तेव्हापासून तो तिला टाळायला लागला. ती लॅबमध्ये शिरली की हा लगेच लॅपटॉप मिटणार.

"मुलाखतीत काय झालं रे?"

"सांगतो नंतर."

तिच्या मनात पाल चुकचुकली. अख्खा गेम स्वतःच्या नावावर खपवला वाटतं! नावाप्रमाणे ढापलाच की पठ्ठ्यानं! रागाच्या भरात तिनं आपल्या पोर्टफोलिओतून त्याचं नाव उडवून टाकलं.

आठवड्याभरात त्याच स्टुडिओचं तिलाही बोलावणं आलं. मुलाखत घेणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, "तुझा जोडीदार अडूनच बसलाय. म्हणतो, गेम दोघांचा आहे, घ्यायचं तर दोघांना घ्या. आणि वर आम्हालाच बजावतो, तुमचं नक्की होईपर्यंत तिला सांगू नका, उगाच आस लावून बसेल."

मग त्यांनी तिचा पोर्टफोलिओ उघडला. वाचता वाचता त्यांचं हसू मावळलं.

"यात त्याचं नाव कुठंय?"