फलकावरचं शहर

रोवेनाला परदेशात इंग्रजी शिकवायची पहिली नोकरी लागतेय म्हटल्यावर वडिलांनी घरावर फलक लावला: ‘अभिनंदन, शिक्षिका रोवेना, बँकॉक!’ फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या त्या गल्लीत फलकावर चढल्याशिवाय कुठलंही यश खरं धरत नसत. रोवेनाकडे मात्र दोन शहरांतल्या शाळांची पत्रं होती आणि तिने निवडलं दुसरं. “ताताय, मी फ्रेला जातेय,” ती वडिलांना म्हणाली. “फ्रे? म्हणजे बँकॉकचा कुठला भाग?” “थायलंडमधलंच, पण वेगळं शहर आहे, लहानसं. बँकॉकची शाळा म्हणते, पालकांना कॅलिफोर्नियाची आहे म्हणून सांग. फ्रेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, इलोइलोचीच म्हणून ये.” वडील शिडीवर चढले आणि पांढऱ्या रंगाने बँकॉक झाकू लागले. गल्ली जमली. “काय हो, पोरगी नापास झाली वाटतं?” शेजारणीने विचारलं. “बँकॉक नापास झालं,” ते वरूनच म्हणाले. मग मुलीकडे वळले: “नाव छोटंच आहे ना? अक्षरं मोठी काढता येतील.”