मुनींची ओळख

चिठ्ठीतून मुनींचं नाव निघालं आणि क्लबातल्या सगळ्यांनी डॉक्टरांकडे सांत्वनाच्या नजरेनं पाहिलं.

क्लबाचा रिवाज जुना होता. नव्या सभासदानं एका जुन्या सभासदाच्या आयुष्यावर भाषण करायचं. खुद्द त्याला काही विचारायचं नाही, कारण माणूस स्वतःविषयी खोटं बोलतो. घरच्यांना विचारायचं. ते खरं सांगायला टपलेलेच असतात. भाषण संपल्यावर त्या सभासदानं उभं राहून ‘हाच मी’ म्हटलं, की नवा माणूस कायम. नाही म्हटलं, तर दरवाजा उघडाच असतो.

मुनी रोज बुद्धिबळ खेळत आणि ‘शह’ याखेरीज काही बोलत नसत. त्यांच्याविषयी कुणाला काडीची माहिती नव्हती.

डॉक्टर मात्र निश्चिंत होते. ते निवृत्त भूलतज्ज्ञ. उभ्या कारकिर्दीत ते बोलू लागले, की ऐकणारा झोपी जाई, आणि त्याबद्दल फीही मिळे. निवृत्तीनंतर ती सवय महागात पडली. दोन क्लबांनी त्यांना ‘कळवतो’ म्हणून सांगितलं होतं.

“बाबा, इथे तरी टिका हो,” सूनबाई म्हणाली. “दिवसभर भिंतींशी बोलत बसता. बघवत नाही.”

“टिकणार म्हणजे काय! बघच तू.”

सेक्रेटरीनं पत्ता सांगितला. तळ्यासमोरची इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार. लिफ्ट बंद होती. भाषणाची सुरुवात मनाशी घोळवत डॉक्टर जिने चढले आणि त्यांनी घंटी वाजवली. एका हसऱ्या वृद्ध बाईंनी दार उघडलं.

“साहेब आहेत?”

“क्लबला गेलेत. रोजचंच आहे.”

“उत्तम! मी क्लबातूनच आलोय, वहिनी. साहेबांच्या आयुष्यावर बोलायचंय मला. तुम्ही सांगाल ते.”

“अगंबाई! मग नीट टेकून बसा. एका कपात नाही आटोपायचं.”

चहाची किटली दोनदा रिकामी झाली. डॉक्टरांनी आयुष्यात प्रथमच तोंड मिटून ऐकलं.

भाषणाच्या दिवशी हॉल भरला होता. मुनी पहिल्या रांगेत, चेहरा नेहमीसारखा कोरा. डॉक्टर खणखणीत आवाजात सुरू झाले.

“तुमचे हे मुनी तरुणपणी जहाजावर इंजिनं सांभाळत होते. पोहता येत नाही, हे त्यांनी कंपनीला शेवटपर्यंत कळू दिलं नाही!”

हॉल हसला. मुनींनी मान किंचित वर केली.

“किनाऱ्यावर येऊन बेकरी काढली. ती धो धो चालायला लागली, तसा कंटाळा आला, विकून टाकली. मग बाहुल्यांचे खेळ केले. बाहुल्या स्वतः कोरल्या, आवाज स्वतः काढले. राजकन्येचासुद्धा! पुढे गच्चीवर मधमाश्या पाळल्या. वहिनी मला म्हणाल्या, ‘माश्या आल्या तशी मी माहेरी गेले. त्या गेल्या, मग परत आले.’ आणि पोहायला शिकले साठीत. का, तर म्हणे आता नोकरी जायची भीती नाही!”

कुठल्याही भाषणाला घोरणारे निवृत्त न्यायाधीश टक्क जागे होते. मागच्या रांगेतला दंतवैद्य शेजाऱ्याला म्हणाला, “काय माणूस आहे राव! आणि आपण याला नुसतं ‘चहा घेणार का’ विचारतो.”

डॉक्टर थांबले. आता सगळं मुनींच्या दोन शब्दांवर होतं. डॉक्टरांना घरची भिंत दिसू लागली.

मुनी सावकाश उठले. डॉक्टरांकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं, कोट सारखा केला.

“हाच मी,” ते म्हणाले.

टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी डॉक्टरांना मिठी मारली आणि माइक हिसकावून घेतला. “रविवारी सगळ्यांचं सहकुटुंब जेवण! मुनी, यंदा वहिनींना आणलं नाहीत, तर आत घेणार नाही.”

“आणतो,” मुनी म्हणाले.

गर्दी पांगल्यावर त्यांनी डॉक्टरांना खिडकीपाशी गाठलं.

“झकास बोललात. मधमाश्यांचं तर फारच आवडलं मला.”

“छे छे, सगळं श्रेय वहिनींचं!”

“तेच म्हणतोय. त्यांचा पत्ता तेवढा द्या, डॉक्टर. रविवारच्या आत भेटायला हवं. माझं लग्न झालेलं नाही.”